पाळण्याखालची भुईछत्री

सकाळी सव्वासातला माझ्या तान्ह्या रेवाच्या पाळण्याखाली, ओल्या जमिनीतून भुईछत्री उगवलेली दिसली. सासूबाईंनी घाबरून गावच्या भगताला बोलावलं. चुलीत विळा तापत ठेवून तो जिलबी खात बसला.

"पान नाही, म्हणजे झाड नाही. तोंड नाही, म्हणजे जनावर नाही. भूतच हे! पोरीचं पोट डागावं लागेल."

मी बोलले, "बाबा, ही बुरशीची जात, झाडाजनावरांहून निराळी. तुमच्या जिलबीचं पीठ रात्रभर हिच्याच भावकीतल्या यीस्टनं फुगवलंय. हे भूत असेल, तर तुमच्या पोटात पावशेर गेलं. आधी तुम्हांला डागू?"

सासूबाईंनी विळा उचलून त्याच्या पोटाकडे पाहिलं. भगत ताट सोडून पळाला.

बायांनो, प्रत्येक बाळंतिणीला सांगा, लेकराला डागू देऊ नका.