शंभर मोहरांची ओवाळणी

एका राज्यात राजवाड्याचं कोठार सांभाळणारी भिवरा नावाची कोठीवाली होती, आणि तिच्या बोलण्यावर कुणी म्हणजे कुणी विश्वास ठेवत नव्हतं. राणी नाही, प्रधान नाही, दळण दळणाऱ्या दासीसुद्धा नाहीत. "अहो, मी तीसच मोहरा दिल्या!" ती घसा फोडून सांगे. लोक मान डोलावत आणि तिच्या पदराच्या गाठीकडे बघत.

झालं होतं ते असं. राजघराण्यात एक जुनी थैली होती. राजाच्या आज्याने ती डोंगरावरच्या मांत्रिकाकडून आणलेली. दर दिवाळीला तिच्यात आपोआप शंभर मोहरा येत, आणि भाऊबीजेच्या ओवाळण्या तेवढ्यातच उरकायच्या. ओवाळणीत कुणी त्या शंभरांबाहेरची एक कवडी जरी घातली, तर घरातलं सगळ्यात धाकटं माणूस पायांपासून दगड होत जाई. धाकटी म्हणजे सहा वर्षांची राजकन्या केतकी. तिला न्हाऊमाखू घातलं ते भिवराने.

राजाला बहिणी तीन, आणि तिघींच्या मागण्या तीन तऱ्हांच्या. थोरलीला पावसात न भिजणारं पातळ हवं, मधलीला गाणारे पैंजण, धाकटीला तेलावाचून जळणारी समई. भिवरा थैली कमरेला खोचून निघाली.

तळ्याच्या तळाशी एक कोष्टी राहत होता. त्याने पातळाचे नव्वद सांगितले.

"नव्वद? पाण्यात राहून मेंदू भिजला का रे तुझा? तीस."

"बाई, यात लाटांचा ताणा आहे."

"लाटा काय तू विकत आणल्यास? तीस."

कोष्ट्याने तीसला दिलं. भिवराने पातळ ताटात ठेवलं, वर रेशमी रुमाल घातला. त्या घरची रीतच तशी, की झाकलेली ओवाळणी बहिणीनेच उघडायची, मध्ये कुणी रुमालाला हात लावायचा नाही.

सकाळी केतकीचे पाय गुडघ्यांपर्यंत दगड झाले होते.

भिवराला काही कळेना. तिने थैली उपडी केली, मोजली, पुन्हा मोजली. कोठीतली साळुंकी म्हणाली, "सत्तर."

"ऐका! पाखरू खोटं बोलतं का?"

प्रधान म्हणाला, "पाखरू तुझं, दाणा तुझा. ते तुझंच बोलणार."

ती सात सुळक्यांपलीकडे गेली. तिथली सोनारीण जाळात हात घालून दागिने घडवी. पैंजणांचे साठ सांगितले, भिवराने तीसला आणले. ताट झाकलं. साळुंकी म्हणाली, "चाळीस." आणि सकाळी केतकी कमरेपर्यंत दगड.

"भिवरामावशी, मला पाय नाहीत का गं आता?" पोरीने विचारलं.

भिवराने तिच्या दगडी पायांवर पांघरूण ओढलं. शाळा दोन बुकांची, पण शंभरापर्यंत ती कधी चुकली नव्हती. आता तिला आपल्याच बोटांचा संशय येऊ लागला. थैली खोटी, की साळुंकी, की मीच झोपेत उठून खर्च करते? रागाने लाल आणि डोक्याने सुन्न, अशी ती डोंगर चढली. समई मांत्रिकाकडेच मिळत होती.

"ऐंशी," मांत्रिक म्हणाला.

"चाळीस. आणि आधी सांग, तुझा शाप खुळा झालाय का?"

"शाप चुकत नाही. तूही चुकली नाहीस."

"मग दगड कशाने चढतो? माझ्या पायगुणाने?"

मांत्रिकाने दाढी कुरवाळली. "ताटात जास्तीचं आहे. ते ज्याचं त्याच्या हातात परत दे आणि भर दरबारात त्याचं नाव घे. दगड सुटेल. नाव चुकलं, तर मुलगी कायमची दगड. समई घे चाळीसला. तुझ्याशी कोण भांडेल!"

भिवरा परतली, तिसरं ताट झाकलं. भाऊबीज उजाडली तेव्हा केतकीचं बोलणं बंद होतं. दगड हनुवटीला टेकला होता.

दरबार भरला. तिघी बहिणी निरांजनं घेऊन आल्या. भिवरा मध्ये उभी राहिली.

"बाईसाहेब, ओवाळणं मागाहून. आधी ताटं उघडा."

"ओवाळायच्या आधी?" थोरली म्हणाली. "वेड लागलं का हिला?"

"लागलंय. उघडा!"

रुमाल निघाले. पातळाच्या घडीत मोत्यांची माळ. पैंजणांखाली सोन्याचे गोठ. समईच्या बैठकीशी लाल माणिक.

"हे मी आणलेलं नाही," भिवरा म्हणाली.

राणीने कानांवर हात ठेवले. प्रधान खाली बघू लागला. थोरली मात्र हसली. "अगं बाई! गेल्या साली मी थट्टेत म्हटलं होतं, 'दादा, एवढंच? वहिनीने निवडलं वाटतं!' तर सगळा दरबार खिदळला होता."

"मला तर ते वर्षभर आठवलंही नाही," मधली म्हणाली.

दरबारात एकाच माणसाला घाम फुटला होता. दगड केतकीच्या ओठांशी आला.  माळ, गोठ, माणिक भिवराने उचललं, चालत गेली आणि सगळं त्या माणसाच्या ओंजळीत ओतलं. मग मान वर करून खणखणीत नाव घेतलं.

नाव पुरं व्हायच्या आत दगडाचे पापुद्रे सुटले. ओठ मोकळे झाले, कंबर, मग पाय. "भूक लागली," केतकी म्हणाली.

थोरलीने तीस मोहरांचं पातळ तिथल्या तिथे अंगावर घेऊन मिरवलं. धाकटीने समई लावली. प्रधानाने भिवराची माफी मागितली. ती तिने तीनदा मागायला लावली. मग नगरात दवंडी फिरली. कोठीवाली चोर नव्हे. बहिणींच्या हसण्याला भिऊन, झाकल्या ताटात चोरून हात घालणारा आणि पोटची पोर दगड करून बसलेला तो माणूस दुसराच, राजा चंद्रभान.