दुखू न देणारी गोळी

"त्याच्या थंडाईत तुमी असं काय घालताय वस्ताद, जे माझ्या थंडाईत न्हाई?"

ज्योतीराम वस्ताद तालमीतल्या लाल मातीच्या हौद्याच्या काठावर बसून गुडघ्याला तेल लावत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

रणधीरनं पुन्हा तेच विचारलं. तो कुणाबद्दल विचारतोय, हे तालमीत कुणाला सांगावं लागत नव्हतं. अलीकडे त्याच्या तोंडात यासीनखेरीज दुसरा विषयच नसायचा.

गावच्या यात्रेतली शेवटची कुस्ती म्हणजे तालमीचा मान. गेली दोन वर्षं तो मान रणधीरचा होता. आणि काल सरावात यासीननं, कालपरवा लंगोट बांधायला शिकलेल्या पोरानं, त्याला चीत केलं. वर हात देऊन उठवलंही. पडण्यापेक्षा ते उठवणंच रणधीरला जास्त झोंबलं. रात्री त्याला जेवण गेलं नाही.

"एकाच भांड्यातली थंडाई हाय," वस्ताद म्हणाले.

"मग मेहनत?"

"तू जास्त करतोस."

"मग ह्यो माझ्या फुडं कसा?"

वस्ताद पुन्हा गुडघा चोळू लागले.

रणधीर चिडला. त्यानं पिशवीतून एक डबी काढून वस्तादांपुढं ठेवली. पुण्याच्या चुलतभावानं आणलेल्या अँटिऑक्सिडंट गोळ्या होत्या त्या. घाम गाळला की स्नायूंत ऑक्सिडीकरणाचा ताण येतो, नको ते रेणू मोकाट सुटतात आणि ही गोळी त्यांना तिथल्या तिथं गारद करते, असं सगळं त्याला तोंडपाठ होतं. सांगताना गड्याची छाती चांगलीच फुगली.

"रोज घेतोस?"

"मेहनतीच्या आधी बी, नंतर बी."

"यासीनला ठाव हाय?"

"त्याला कशापायी सांगू?"

वस्तादांनी यासीनला हाक मारली. "पालथा पड रं. रणधीर, रगड त्याला."

धाकट्यानं थोरल्याचं अंग रगडायचं, ही तिथली रीत. उलटं कुणी पाहिलं नव्हतं. रणधीरचा चेहरा उतरला, पण वस्तादांचा शब्द मोडायची छाती कुणात नव्हती.

तो बसला. दोन्ही अंगठे यासीनच्या मांडीत रुतवले, आणि मनातलं सगळं विष त्या अंगठ्यांत आणून दाबलं.

"आयो! दादा... तितंच, तितंच. सकाळच्या बैठका तितंच बसल्यात बघा." यासीन कळवळला आणि लगेच हसला. त्या हसण्याचाही रणधीरला संताप आला.

"बास. आता तू पड," वस्ताद म्हणाले.

या वेळी ते स्वतः आले. त्यांच्या अंगठ्याला भलेभले पैलवान टरकत.

"दुखतंय?"

"न्हाई."

"हितं?"

"कुटंच न्हाई, वस्ताद." रणधीर पडल्या पडल्या यासीनकडं बघून म्हणाला. "ह्यो गोळीचा गुण."

"सकाळी बैठका मारल्यास?"

"यासीनच्या दुप्पट."

वस्तादांनी अंगठा काढून घेतला.

"आन् मांडीला पत्ताच न्हाई?"

रणधीरनं मांडी चाचपून पाहिली.

"बैठक मारली की आतनं सांगावा निघतो लेका. बळ कमी पडलं, आनखी धाडा म्हणून. तू तर ह्या गोळीनं सांगावा आणणाऱ्यालाच दारात गाठून मारतोस. मग बळ धाडणार कोन?"

रणधीर उठून बसला. त्याला काहीतरी कळलं असावं, निदान तसं तोंडावर दिसलं. पण तेवढ्यात पलीकडं टाकीपाशी यासीन अंगावर पाणी ओतत काहीबाही गुणगुणू लागला, आणि कळलेलं सगळं मत्सरानं गिळून टाकलं.

"ते ऱ्हाऊ द्या, वस्ताद." तो म्हणाला. "मला त्याला पाडायचाय. यात्रेच्या आत. काय करू, तेवढं सांगा."

वस्तादांनी डबी उचलली. रणधीरच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं स्वतःच्या हातानं मिटली.

"ही यासीनला दे."