दोराचे तेल

पूर्वी चंद्रावती नगरीत महीसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कासाराच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव उत्पल. काशाची घंटा ओतण्यात त्याचा हात धरणारा त्या देशात दुसरा कोणी नव्हता.

नगरीच्या उत्तरेस अभयवन होते. राजाच्या आजोबांनी तिथल्या हरणांना अभय दिले होते. नुसत्या शब्दाने हरणे वाचत नाहीत हे जाणून त्यांनी एक युक्तीही केली होती. हरणे ज्या माळावर खारी माती चाटायला येत, त्या माळाभोवती झाडाझाडांतून अंबाडीचा दोर ताणला होता, माणसाच्या छातीइतका उंच. हरणे त्याच्या खालून जात. जाळे घेऊन शिरणारा शिकारी मात्र दोराला अडखळे, आणि दोराला बांधलेली वेशीवरच्या घंटाघरातली घंटा वाजे. मग पहारेकरी धावत.

पुढे घंटा देणे हे मोठे पुण्य ठरले. व्यापाऱ्यांनी दिल्या, सरदारांनी दिल्या, राजाच्या मामांनीही दिली. ज्याने दिली त्याने तिच्यावर आपले नाव कोरून घेतले. नवी घंटा टांगली की दात्याने लाकडी हातोड्याने ती स्वतः वाजवायची, अशी रीत पडली. लोक जयजयकार करीत, लाडू खात, घरी जात. दोर ओढल्यावर ती वाजते का, हे कोणी पाहत नसे.

महीसेनाने सर्वांत मोठी घंटा उत्पलाकडून करून घेतली. ती भट्टीबाहेर ठेवून उत्पल तिला झिलई देत होता, तेव्हा वनातला दोर राखणारी खेमा आली.

"उत्पलदादा, दोराला चोळायला करंजाचं तेल आहे का थोडं?"

"राजाच्या कोठारातून मिळतं ना तुला?"

"मिळत होतं. आता तो कोषाध्यक्ष पिंगल म्हणतो," खेमाने नाकातून आवाज काढला, "'बाई, दोर झाडीत असतो, तो दिसतो कुणाला? दिसत नाही त्यासाठी कोठार कसं उघडू?' आमचं धान्यही बंद केलं त्यानं. बरोबरीच्या बायका गेल्या सोडून. मी एकटी किती दोर वळू? वर मला सांगतो, नव्या घंटेच्या आवाजानंच शिकारी पळतील. अरे, पण ती वाजवणार कोण, तुझा बाप?"

उत्पल हसला. खेमा हसली नाही. तिने पदराची गाठ सोडली आणि झिलई दिलेल्या काशावर चार चिमुकले खूर ठेवले. अजून मऊ होते ते.

"गाभण हरिणी होती. आज सकाळी सापडली. दोर कुजून पडलेला आणि तुझ्या सगळ्या घंटा गप्प. शिकाऱ्यांनी मांस नेलं, पोटातल्या पाडसाचे हे खूर माझ्यासाठी टाकून गेले."

उत्पलाला राग येत नाही असे लोक म्हणत. त्या दिवशी त्याला तो आला; हातातले फडके त्याने फेकून दिले. तो खेमाबरोबर माळावर गेला. दोर वाळवीने खाल्ला होता, खारींनी कुरतडला होता, आणि बोटांनी चिमटला तरी त्याचा भुगा होत होता. परतताना घंटाघरात त्याच्याच हातच्या घंटा उन्हात चमकत होत्या. त्यांच्याकडे त्याने पाहिले नाही.

तो तसाच पिंगलाकडे गेला आणि त्याने दोराची दशा सांगितली. पिंगल म्हणाला, "मजुरी वाढवून हवी असेल तर सरळ सांग ना. दुप्पट घे, आणि दोराचं नाव तोंडातून काढू नकोस. उत्सव आहे."

उत्पल भट्टीकडे परतला.

उत्सवाच्या दिवशी सारे नगर घंटाघरापाशी लोटले. घंटा टांगली गेली. राजाने हात पुढे केला, पण हातावर हातोडा आला नाही.

"हातोडा मी भट्टीत घातला, महाराज," उत्पल म्हणाला. "ही घंटा दोर ओढून वाजवावी."

"कासारा, जीभ आवर!" पिंगल ओरडला.

राजा मात्र त्या दिवशी खुशीत होता. "त्यात काय! चला, दोर ओढू."

सारे माळापर्यंत गेले. खेमाने दोर दाखवला. राजाने दोन्ही हातांनी तो जोरात खेचला, आणि तुटका दोर हातात घेऊन तो चिखलात मागच्या मागे बसला. घंटा वाजली नाही. कोणी हसलेही नाही.

राजाचा चेहरा लाल झाला. "साऱ्या नगरासमोर मला पाडायला आणलंस?"

"महाराज, तुम्ही पडलात तरी उठाल," उत्पल म्हणाला. त्याने ते चार खूर राजासमोर चिखलात मांडले. "हे पाडस उठणार नाही."

राजाने त्यातला एक खूर उचलून पाहिला. मग म्हणाला, "काय हवं तुला?"

"ही घंटा मोडायची परवानगी. तिच्या काशाचं मोल दोराला, तेलाला आणि दोर राखणाऱ्यांच्या धान्याला जावं. आणि ते संपलं की कोठारातून मिळावं, दर साली, न मागता."

"अन् घंटेवरचं महाराजांचं नाव?" पिंगल म्हणाला.

"ज्यांनी हे वन राखलं, त्या आजोबांचं नाव कुठल्या घंटेवर आहे, पिंगला? दाखव."

आजोबांची घंटा घंटाघराच्या कोपऱ्यात काळवंडलेली टांगली होती, आणि तिच्यावर काहीच कोरलेले नव्हते.

राजाने मान डोलावली. उत्पलाने आपल्या आयुष्यातली सर्वांत सुरेख घंटा आपल्या हाताने फोडली. मजुरी त्याने घेतली नाही. त्यानंतर त्याच्याकडे घंटा ओतून घ्यायला कोणी आले नाही, तेव्हा तो ताटवाट्या करू लागला. सोडून गेलेल्या बायका परत आल्या, त्यांनी खेमाबरोबर नवा दोर वळून आजोबांच्या घंटेला बांधला, आणि त्या रोज त्याला तेल चोळू लागल्या.

एका दुपारी आजोबांची ती काळी घंटा वाजली. पहारेकरी धावले. शिकारी जाळ्यासकट सापडला. माळावरची हरणे दोराखालून उड्या मारीत रानात गेली. टाळ्या वाजवायला तिथे कोणी नव्हते.

ही कथा शास्त्याने, म्हणजे बुद्धाने, संघिल भिक्षूला सांगितली. विहाराला नक्षीचे खांब देणारे पुष्कळ, पण पाण्याच्या पाटातला गाळ काढायला कोणी काही देत नाही, म्हणून संघिल संतापला होता. शास्ता म्हणाला, "संघिला, तेव्हाची खेमा तू होतास. पिंगल म्हणजे काल खांबावर नाव कोरून गेलेला गृहपती. महीसेन राजा म्हणजे आपला वृद्ध स्थविर धम्मिल, ज्याने आज सकाळी न सांगता फावडे उचलले. आणि उत्पल कासार मी होतो. तुझा संताप खोटा नाही. तो घेऊन त्या गृहपतीच्या दारी जा, आणि त्याला पाटापर्यंत घेऊन ये. जे कोणाला दिसत नाही त्यासाठी देणे, ही दानपारमिता, दानाची पूर्णता होय."

संघिल उठला आणि गृहपतीच्या घराकडे चालू लागला.