भागरतेच्या मासोळ्या

वैनगंगेपलीकडच्या झाडीत गाडीवाट नव्हती आणि दिवसाढवळ्याही माणसं एकमेकांना हाका देत जंगलातून चालायची, त्या काळची ही गोष्ट. झाडीच्या कडेला बोदरटोला नावाचं गाव होतं. गाव लहान, शेती थोडी, पण बोड्या पुष्कळ. बोडी म्हणजे धानाच्या बांध्यांना पाणी मिळावं म्हणून वरच्या अंगाला बांध घालून केलेलं लहानसं तळं. त्या बोड्यांवर मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं जगत होती, आणि त्यातल्याच एका घरात भागरता राहत होती.

भागरता बांध्यानं बारीक, चालायला चपळ आणि बोलायला कमी होती. पाण्याकडे बघत बसायची तिला सवय होती. जाळं टाकलं की बाकीच्या बायका गप्पा मारायच्या, ही मात्र पाण्यात डोळे लावून बसायची. पाणी तिच्याशी बोलायचं, असं म्हणतात.

दिवाळी झाली, धान घरात आलं की बोदरटोला रिकामा व्हायचा. बायका-माणसं, लेकरं, शेळ्या, कोंबड्या, चूल आणि तवा घेऊन सगळे नदी ओलांडायचे आणि बांबू तोडायला जंगलात शिरायचे. एका रानातला बांबू संपला की डेरा उठायचा आणि पुढच्या रानात पडायचा. शिमग्याला माणसं परत यायची. तेव्हा गावातल्या म्हाताऱ्या शिवेवर उभ्या राहायच्या आणि येणाऱ्या रांगेत आपली तोंडं शोधायच्या. सगळी तोंडं कधीच सापडायची नाहीत.

जंगलात हिव होतं. माणसाला थंडी भरायची, दात वाजायचे, अंगावर चार घोंगड्या टाकल्या तरी खाट हलायची. मग ताप चढायचा, घाम फुटून उतरायचा, आणि मधे एक दिवस सोडून पुन्हा यायचा. माणसं म्हणायची, जंगलात हिवाई नावाची एक म्हातारी राहते. तिला फार थंडी वाजते, म्हणून ती ऊबदार अंग शोधत फिरते आणि सापडलं की त्यात शिरून बसते. तिच्यासाठी झाडाखाली कोंबडी सोडायचे, लुगड्याची चिंधी बांधायचे. तरी ती यायचीच. भागरतेचा नवरा मोतीराम असाच एका वर्षी गेला. शिमग्याला त्याची कुऱ्हाड दुसऱ्याच्या खांद्यावरून घरी आली.

पुढं तिचा मुलगा डोमा मोठा झाला. त्याचं लग्न झालं, सून आली, तिचं नाव रेवंता. लग्नानंतरच्या दिवाळीला डोमा आणि रेवंता जंगलात जायला निघाले. रेवंताला दिवस गेलेले होते. भागरतेनं आपलं गाठोडं बांधून उंबऱ्याशी ठेवलं.

डोमा म्हणाला, "माय, तू कायले येतं? तुझ्यानं बांबू तुटनार हाय का?"

"तुमी तोडा. मी रांधीन," भागरता म्हणाली.

रेवंताला त्या दिवसांत दुसरं काही गोड लागत नव्हतं. अंबाडी घालून केलेला ताज्या मासोळीचा रस्सा असला तरच चार घास जायचे. जंगलात ताजी मासोळी कुठून मिळणार, म्हणून भागरतेनं बोडीतल्या मासोळ्या एका मडक्यात पाण्यासकट घेतल्या आणि मडकं डोक्यावर ठेवलं. मोठ्या मासोळ्यांबरोबर काही इवल्या मासोळ्याही मडक्यात आल्या. बोटाच्या पेराएवढ्या, आणि प्रत्येकीच्या डोक्यावर चांदीची टिकली. त्यांना कोणी खात नसे. खाण्यासारखं त्यांच्यात काही नव्हतंच.

पहिला डेरा एका नाल्याच्या डोहाजवळ पडला. भागरतेनं मासोळ्या जगाव्यात म्हणून मडकं डोहात रिकामं केलं. मग रोज त्यातली एखादी मोठी मासोळी धरायची आणि रेवंतासाठी रांधायची. इवल्या टिकलीवाल्या डोहातच राहिल्या. भांडी घासताना भागरता बघत बसायची. आधी डोहाच्या कडेला, शेवाळात, केसासारखे बारीक किडे, वळवळे, भरून होते. टिकलीवाल्या ते वेचून वेचून खाऊ लागल्या. दिवाळीची थंडी संपेपर्यंत त्या पाण्यात एक वळवळा उरला नाही, आणि त्या डेऱ्यात एक माणूस कुडकुडलं नाही.

डेऱ्याचा मुकादम इतवारू होता. तो बोदरटोल्याचाच, भागरतेला काकू म्हणायचा. तो सगळ्यांना सांगू लागला, "यंदा हिवाई वाट चुकली."

मग तिथला बांबू संपला. डेरा उठला आणि डोंगर ओलांडून पुढच्या रानात गेला. रेवंता आता पोटानं जड झाली होती. भागरतेनं एका हातानं तिला धरलं होतं, दुसऱ्या हातात गाठोडं होतं. मडक्याची आठवण कोणाला राहिली नाही.

नव्या रानात नाल्याला दोन डोह होते. खालच्या डोहावर बोदरटोल्याचा डेरा पडला. वरच्या डोहावर आधीच दुसरा डेरा होता. ती माणसं परमुलखातली होती. आगगाडीच्या रुळांखाली घालायचे लाकडी ओंडके तासायला कोणी ठेकेदारानं त्यांना डोंगरांपलीकडून आणलं होतं. त्यांची भाषा यांना कळत नव्हती, यांची त्यांना. दोन्ही डेऱ्यांतली माणसं आपापल्या डोहावर पाणी भरायची आणि एकमेकांकडे न बघता परतायची.

तिथं आधी इतवारूचा धाकटा भाऊ लहानू थंडीनं पडला. तो उठलाच नाही. मग आणखी दोघं-तिघं पडले. आणि एका दुपारी चुलीपुढं बसलेल्या रेवंताच्या हातातली पळी थरथरायला लागली.

भागरतेनं तिला निजवलं, अंगावर होतं नव्हतं ते सगळं घातलं आणि ती डोहावर जाऊन बसली. तिला समजेना. माणसं तीच होती, चूल तीच, बांबूही तसाच. बदललं होतं ते एवढंच, पाणी. ती वाकली आणि तिनं पाण्यात बघितलं. कडेकडेनं वळवळे नुसते बुजबुजले होते. त्यांच्यातलाच एक जीव पाण्याच्या वरच्या अंगाला आला, त्याची पाठ उकलली आणि त्यातून एक डास निघून आपल्याच सालीवर उभा राहिला. पंख वाळेपर्यंत थांबला आणि उडून गेला. तेवढ्यात दुसरा एक डास भागरतेच्या मनगटावर येऊन बसला. डोकं खाली, शेपूट वर. तिनं त्याला मारलं नाही. तो रक्त पिताना ती बघत राहिली, आणि हिवाई कोण ते तिला त्या घडीला कळलं, असं म्हणतात.

ती डेऱ्यात आली. गाठोड्यातून आपली दोन विरलेली लुगडी काढली, जाळं शिवायच्या सुईनं ती एकाला एक जोडली आणि रेवंताच्या अंथरुणावर चारी बाजूंनी सोडली. कडा चटईखाली खोचल्या.

इतवारू दारात उभा होता. भाऊ गेल्यापासून तो कोणाशी नीट बोलत नव्हता. तो म्हणाला, "काकू, झोपडीच्या आत झोपडी कायले?"

"इले चावलेला डास दुसऱ्याले चावू नाई म्हनून," भागरता म्हणाली. "आन् सकाळी मी जाऊन रायली. मागच्या डोहावर. मासोळ्या आनाले."

डोमा म्हणाला, मीच जातो. ती म्हणाली, "तुले धरता येतीन बापू, पन वाटेनं जित्या ठेवता नाई येनार. तू बायकोजवळ बस."

ती डोंगर ओलांडून पहिल्या डोहावर गेली. पदर पाण्यात धरून बसली तशा टिकलीवाल्या आपण होऊन पदरात आल्या, असं म्हणतात. तिथंच राहिलेलं मडकं भरून ती माघारी निघाली. उन्हं तापली होती, दगड तापले होते, मडक्यातलं पाणीही तापायला लागलं. मासोळ्या वर येऊन तोंड उघडू लागल्या. भागरतेनं डोक्यावरचा ओला पदर मडक्याला गुंडाळला आणि उघड्या डोक्यानं चालू लागली. तहानेनं तिची जीभ टाळूला चिकटली, पण मडक्यातलं घोटभर पाणी तिनं तोंडाला लावलं नाही. वाटेतल्या मोहाच्या झाडांनी वाकून तिच्यावर सावली धरली, असं म्हणतात. खिंडीत एक वाघ आडवा बसला होता. ती त्याला म्हणाली, "उठ बापा. या मासोळ्यायले गुदमरून रायलं." वाघ उठला आणि बाजूला झाला, असंही म्हणतात.

तरी बऱ्याच मासोळ्या वाटेत मेल्या. ती वरच्या डोहाशी पोचली तेव्हा मडक्यात ओंजळभर उरल्या होत्या. इतवारू तिला बघायला तिथवर आला होता. त्यानं मडकं घ्यायला हात पुढं केले, पण भागरता थांबली. परक्यांच्या डेऱ्यात एका झोपडीच्या दारात एक बाई बसली होती. तिच्या मांडीवर लेकरू होतं आणि ते लेकरू अंग आखडून कुडकुडत होतं.

भागरता डोहाकडे वळली.

इतवारू म्हणाला, "काकू, त्या डोहात नोको. आपल्यालेच पुरनार नाई. तिकडं रेवंता पडली हाय."

"मले ठाव हाय."

"मंग? ते आपले कोन लागते?"

भागरता मडकं घेऊन कडेला बसली. म्हणाली, "डास तिकडून उडून इकडंच येनार गा. तो थोडीच इचारते, कोनाचा डेरा म्हनून." मग ती हळूच म्हणाली, "आन् नसता येत तरी मी टाकल्या असत्या. त्या लेकराकडं बघ ना."

तिनं मडकं कलतं केलं आणि निम्म्या मासोळ्या परक्यांच्या पाण्यात सोडल्या. उरलेल्या तिनं खालच्या डोहात सोडल्या. खालच्या डोहापर्यंत मडकं इतवारूनंच नेलं.

दिवस मावळायच्या आत ती परकी बाई खालच्या डेऱ्यात आली. लेकरू पाठीला बांधलेलं होतं. तिच्या हातात कागदाची एक पुडी होती. रुळांच्या कामावर मजुरांना हिवतापावर कोयनेल नावाचं औषध वाटत, त्यातली ती पुडी होती. भागरतेला कोयनेल ठाऊक नव्हतं. बाईनं चिमूटभर पांढरी भुकटी आधी स्वतःच्या जिभेवर ठेवली, तोंड वाकडं केलं, मग पाठीवरच्या लेकराकडे बोट केलं, आणि मग लुगड्याच्या आत झोपलेल्या रेवंताकडे.

भागरता तिच्या तोंडाकडे बघत राहिली. भाषा नव्हती, नाव ठाऊक नव्हतं. तिनं चटईखालची कड सोडवली आणि त्या बाईला आत बसायला जागा केली.

रेवंता सासूला म्हणाली, "आत्या, फार कडू हाय."

"गिळ माय," भागरता म्हणाली. "तिनंबी गिळलं."

ती बाई रोज यायची. पुडी संपेपर्यंत आली. रेवंताचा ताप एक पाळी चुकला, मग दुसरी चुकला, मग आलाच नाही. लेकरूही खेळायला लागलं. भागरतेनं परक्यांच्या डेऱ्यात बसून बायकांना जुनी लुगडी जोडायला शिकवलं, त्यांनी आपल्या पुड्या यांना वाटून दिल्या. दोन्ही डोहांत मासोळ्या इतक्या झाल्या की सकाळी पाण्यात बघितलं तर चांदण्या खाली उतरल्यात असं वाटायचं. ती बाई आणि भागरता कामं आटोपली की डोहाच्या काठी शेजारी शेजारी बसायच्या. काय बोलायच्या कोण जाणे, पण हसायच्या. तिचं नाव भागरतेला शेवटपर्यंत कळलं नाही. ती तिला बहीण म्हणायची.

रेवंताला तिथंच मुलगी झाली. दोन्ही डेऱ्यांतल्या बायका बाळंतिणीभोवती होत्या. त्या शिमग्याला शिवेवर उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांना एका लहानूचं तोंड सोडलं तर सगळी तोंडं सापडली, आणि एक तोंड नवीन दिसलं.

त्यानंतर दर वर्षी भागरता डेऱ्याच्या पुढं निघायची. आधी ती मडकं घेऊन पाण्यावर जायची, मग मागून माणसं यायची. डेरा पाण्यापासून लांब टाकायला तिनंच शिकवलं. पाणी आणायला चार पावलं जास्त पडायची, पण इतवारू कुरकुरणाऱ्याला म्हणायचा, "माझ्या भावाचा डेरा पान्याजवळ होता." तिच्यानं मडकं उचलेना झालं तेव्हा इतवारू ते स्वतःच्या डोक्यावर घ्यायचा आणि तिच्या मागं मागं चालायचा. कुठं परका डेरा पडला की तिथली माणसं तिची वाट बघायची. सारं रान तिला ओळखू लागलं. तिच्या अंगाला डास बसत नसे, असं म्हणतात.

एका वर्षी मात्र तिनं इतवारूला थांबायला सांगितलं आणि मडकं स्वतःच उचललं. म्हणाली, मी होते पुढं, तुमी या. डेरा मागून पोचला तेव्हा डोहाच्या काठी मडकं आडवं पडलेलं होतं, रिकामं. पाण्यात टिकलीवाल्या फिरत होत्या. भागरता नव्हती. डोमानं रान पालथं घातलं, इतवारूनं हाका मारून घसा बसवला. कोणी म्हणालं वाघानं नेली, कोणी म्हणालं पाण्यात गेली. रेवंता तेवढी शांत होती. तिनं मडकं उचललं, पुसलं आणि ती म्हणाली, "आत्या पुढच्या पान्यावर गेली."

तो डोह भर उन्हाळ्यात आटत नाही, असं म्हणतात. त्याला भागरतेचा डोह म्हणतात.

आता झाडीत रस्ते झाले. दवाखान्यातून औषधाच्या मच्छरदाण्या मिळतात, बोटातून रक्त घेऊन तपासतात, ताप उतरला तरी गोळ्या संपेपर्यंत घ्यायला लावतात. बोदरटोल्याची माणसं हे सगळं करतात. पण दिवाळीनंतर डेरा निघायच्या दिवशी बायका अजून बोडीवर जातात आणि टिकलीवाल्या मासोळ्या मडक्यात घेतात. ती मासोळी त्या गावात कोणी खात नाही. रानात पोचलं की आधी मच्छरदाण्या बांधतात, आणि कोणी तापलेलं असेल तर सगळ्यांच्या आधी त्याची. मग मडकं घेऊन पाण्यावर जातात. जवळपास परक्या मुलखाचा डेरा असेल तर पहिल्या मासोळ्या त्यांच्या डोहात पडतात आणि उरलेल्या आपल्या. मडकं कलतं करते ती बाई डेऱ्यात सगळ्यात जड पोटाची असते. मासोळ्या पाण्यात शिरल्या की ती हळू आवाजात म्हणते,

"भागरतामाय, तू हो पुढं. आमी आलोच."