पोतं उतरेल तिथं शिदू

मला आधी एक सांगा. भरवसा ठेवायचा झाला तर तुम्ही कोणावर ठेवाल? सांगितलेलं अर्धंच ऐकणाऱ्या हुशार माणसावर, की सांगितलेलं सगळं ऐकणाऱ्या भोळ्या माणसावर? घाई नाही. चहा येतोय, तोवर विचार करा. मी चाळीस वर्षं सांगलीत हळदीचा व्यापार करतो. शाळा चौथीपर्यंत, पुढचं सगळं बाजारात शिकलो. हळकुंड मोडल्याच्या आवाजावरून माल ओळखतो. पण हा प्रश्न कुणी मला विचारला की मी आधी दुकानाच्या कोपऱ्याकडं बघतो. का बघतो, ते कळेलच.

तर एका गावात एक भोळा माणूस होता. गावाचं नाव सांगत नाही, कारण ती माझी सासुरवाडी. माणसाचं नाव शिदू. माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मनानं सोनं, पण सांगाल त्याच्या पलीकडं एक पाऊल टाकणार नाही. चुलतबहिणीच्या लग्नात त्याला सांगितलं होतं, येईल त्याला जेवायला रांगेत बसव. नवरदेवाला यायला जरा उशीर झाला. शिदूनं त्याला मुंडावळ्यांसकट शेवटच्या पंगतीत बसवला. मुहूर्त टळला, पण नवरदेव पोटभर जेवला.

शिदूची आयुष्यात एकच इच्छा होती. माझ्या दुकानात गादीवर बसायचं. त्याची अक्का, म्हणजे आमची मंडळी, वर्षभर माझ्या मागं लागली होती. मी टाळत होतो.

त्या वर्षी माझी सगळी राजापुरी हळद हरिपूरच्या पेवात पडून राहिली. पेव म्हणजे जमिनीखालचं कोठार. हळद तिथं चांगली टिकते, पण गिऱ्हाईक असलं तर टिकण्याला अर्थ. गिऱ्हाईक मिळालं ते थेट मोरोक्कोत, फेझ शहराच्या जुन्या पेठेत. मसाल्यांचा मोठा व्यापारी, नाव सी जलाल. आपण शेठ म्हणतो तसं तिकडं 'सी' म्हणतात. मुंबईला तीसेक वेळा आलेला, त्यामुळं हिंदी माझ्यापेक्षा बरं. त्याचं म्हणणं, नमुना समोर बघणार, माणूस समोर बघणार, मगच सगळा माल घेणार.

मी तिकीट काढायला निघालो आणि दुकानाच्या पायरीवरून पडलो. पाय प्लास्टरमध्ये. दुसरं माणूस नव्हतं. अक्का म्हणाली, "शिदूला पाठवा. काम करून आला तर गादीवर बसवायचं, नाही तर परत गावाकडं म्हशी राखायला."

मी कबूल झालो. शिदूच्या हातात नमुन्याचं छोटं पोतं दिलं आणि निघताना सांगितलं, "तुझं डोकं चालवू नकोस. तिथली माणसं सांगतील तसंच वाग."

हे वाक्य लक्षात ठेवा.

फेझच्या जुन्या पेठेत गल्ल्या एवढ्या अरुंद की समोरून छत्रीवाला आला तर एकानं भिंतीला चिकटायचं. मोटार वेशीबाहेर थांबते. पुढं सामान गाढवावर. शिदूची सोय एका पाच खोल्यांच्या हॉटेलात केली होती. मधे चौक, चौकात संत्र्याचं झाड, चौफेर खोल्या, आणि बाहेरचं दार असं ठेंगणं की सगळे वाकूनच आत यायचे. मालकीण लल्ला रहमा, साठीची बाई. लल्ला म्हणजे बाईसाहेब. तिचं सगळं हिंदी आपले सिनेमे बघून शिकलेलं. चहा हवा का विचारायची, तेही असं की आता कुणीतरी मरणार आहे.

शिदू वेशीशी उतरला तेव्हा तिनं गाढववाल्याच्या फोनवर त्याला सांगितलं, "मुसाफिर, गाढवाच्या मागं मागं ये. त्याला सोडू नकोस."

शिदू गाढवाच्या मागं निघाला. हॉटेल आलं. गाढववाल्यानं सामान उतरवलं, आत दिलं, आणि गाढव पुढं निघालं. शिदूही निघाला. गाढवानं वाटेत दोन ठिकाणी कातडी पोचवली, एका ठिकाणी गॅसच्या टाक्या घेतल्या. शिदू मागं. शेवटी गाढव तबेल्यात जाऊन कडबा खायला लागलं. शिदू शेजारी बसला. दोन तासांनी लल्ला रहमा शोधत आली.

"इथं काय करतोस?"

"गाढव अजून खातंय," शिदू म्हणाला.

तिनं कपाळाला हात लावला. म्हणाली, गाढवाचं काय घेऊन बसलास. जिथं सामान उतरेल तिथं आपण थांबायचं, आयुष्यभर लक्षात ठेव. शिदूनं मान डोलावली. आयुष्यभर म्हणाली होती ना.

हॉटेलात शिदूची खोली अजून झाडायची होती. मोलकरणीनं त्याची बॅग आणि पोतं तेवढ्यापुरतं शेजारच्या खोलीत नेऊन ठेवलं. त्या खोलीत एक फ्रेंच म्हातारा-म्हातारी दुपारची झोपली होती. म्हातारी जागी झाली तर पलंगाच्या कडेला एक अनोळखी माणूस मांडीवर हात ठेवून शांत बसलेला. ती ओरडली. शिदूनं सामानाकडं बोट दाखवलं. त्याच्या हिशेबी विषय संपला होता.

लल्ला रहमा धावत आली. म्हाताऱ्यांची माफी मागितली, शिदूला बाहेर काढलं आणि बजावलं, "खोलीत असं घुसायचं नाही. दार ठोठवायचं. आतून कुणी 'ये' म्हटलं तरच पाऊल टाकायचं."

मोलकरणीनं सामान त्याच्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं आणि बाजारात गेली. शिदूनं दार ठोठवलं. आतून कुणी 'ये' म्हणेना. त्यानं पुन्हा ठोठवलं. चारचा चहा झाला, पाखरं झाडावर परतली, चौकातला दिवा लागला, शिदू आपल्या खोलीबाहेर टकटक करतोय. फ्रेंच म्हाताऱ्यानं कंटाळून कानात कापूस घातला.

लल्ला रहमानं विचारलं, "आत कोण आहे?"

"कुणी नाही."

"मग कुणाची वाट बघतोस?"

"ये म्हणणाऱ्याची."

ती पायरीवर बसली. जरा वेळानं, थकलेल्या आवाजात म्हणाली, "बेटा, ही तुझी खोली आहे. ही काय, हे सगळं घर तुझं आहे. आपलंच घर समजून राहा." तिकडंही पाहुण्याला असं म्हणायची पद्धत आहे, आपल्यासारखीच. आपण म्हणतो तेव्हा मनातून धरून चालतो की समोरचा ऐकणार नाही.

शिदूनं ऐकलं.

सकाळी उठला तो घरमालक म्हणून. चौक झाडला. झाडाला पाणी घातलं. स्वयंपाकीणबाईला सांगितलं, आज उपमा. मग फ्रेंच म्हातारा-म्हातारी बॅगा घेऊन निघाली, त्यांना अकराची गाडी धरायची होती. आता आपल्या घरातून पाहुणा निघाला की आपण काय करतो? राहा की अजून दोन दिवस, म्हणतो. शिदूनं हातवारे करून म्हटलं. त्यांना कळलं नाही. मग आमच्या सासुरवाडीला करतात तेच त्यानं केलं. उंबऱ्याशी काढून ठेवलेले दोघांचे बूट उचलून लपवले. गावाकडं असे बूट लपवले की पाहुणा हसतो आणि मुक्काम वाढवतो. फ्रेंच म्हातारा हसला नाही. बूट पिठाच्या डब्यात सापडले, तोवर साडेअकरा झाले होते.

संध्याकाळच्या गाडीनं ती दोघं एकदाची गेली. लल्ला रहमा शिदूला संत्र्याच्या झाडाखाली घेऊन बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "ऐक. जो उठून निघाला त्याला कधी अडवायचं नाही. छातीवर हात ठेवायचा, हसायचं, दारापर्यंत पोचवायचं आणि दार लावून घ्यायचं. बस."

"बस," शिदू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दहाला सी जलाल हळद बघायला आला. मी इकडं सांगलीत पाय उशीवर ठेवून फोनजवळ बसलो होतो. अक्का देव्हाऱ्यासमोर. पेवातली सगळी हळद आणि शिदूची गादी, दोन्ही त्या एका पोत्यावर होतं.

सी जलालनं पुदिन्याचा चहा घेतला. हळकुंड मोडलं, आतला रंग बघितला, वास घेतला. माल त्याला आवडला होता, हे लल्ला रहमा स्वयंपाकघरातून बघूनच समजली. मग त्यानं भाव विचारला. शिदूनं मी सांगितलेला भाव सांगितला. सी जलालनं निम्मा सांगितला.

आता बाजाराची रीत सांगतो. सांगली असो नाही तर फेझ, गिऱ्हाईक एकदा तरी रागावून उठतंच. दोन पावलं टाकतं. तिसऱ्या पावलाला आपण हाक मारायची, "अहो शेठ, बसा तर खरं." मग खरं बोलणं सुरू होतं. हाक मारली नाही असा व्यापारी सी जलालनं पन्नास वर्षांत बघितला नव्हता.

तो उठला. शिदूही उठला. छातीवर हात ठेवला, हसला, त्याला दारापर्यंत पोचवलं आणि दार लावून घेतलं.

सी जलाल गल्लीत उभा राहिला. वाट बघितली. गाढव आलं, भिंतीला चिकटला. गाढव गेलं. हाक नाही. त्यानं दार वाजवलं, आत आला आणि भाव थोडा वाढवला. शिदू काही बोलला नाही. भाव एकदा सांगून झाला होता. सी जलाल पुन्हा उठला. शिदूनं पुन्हा हसत पोचवलं, दार लावलं. तिसऱ्या वेळी दार वाजलं तेव्हा सी जलालच्या कपाळावर घाम होता. त्यानं शिदूचा भाव मान्य केला आणि मला फोन लावला.

"असला कसलेला माणूस मी बघितला नाही," तो म्हणाला. "कुठं शिकला?"

"माझ्या हाताखाली," मी म्हणालो.

खोटं कशाला सांगू, त्या वेळी मला तसं वाटलंही. अक्कानं साखर वाटली. मी शिवणाऱ्याला बोलावून शिदूच्या गादीचं माप दिलं, ऐसपैस, दीड माणसाचं.

ठरलं असं की पोतं सी जलालच्या दुकानात राहील. माल बंदरात उतरला की तो त्या नमुन्याशी ताडून बघणार, मगच ताब्यात घेणार. सकाळी गाढववाला पोतं न्यायला आला. शिदू पोत्यामागं निघाला. या वेळी तो गाढवाला फसला नाही. सी जलालच्या दुकानात पोतं उतरलं, गाढव पुढं गेलं, शिदू थांबला. पोत्याशेजारी मांडी घालून बसला.

सी जलालला आनंद झाला. म्हणाला, ये भावा, हे दुकान आपलंच समज.

शिदूनं समजलं.

पहिलं गिऱ्हाईक जिरं घ्यायला आलं. भाव ऐकून रीतीप्रमाणं रागावून उठलं. सी जलाल हाक मारायला तोंड उघडतोय तोवर शिदू उठला होता. छातीवर हात, हसू, दारापर्यंत सोबत, दार बंद. दुसरं गिऱ्हाईक आलं, उठलं, गेलं. दुपारपर्यंत अकरा गिऱ्हाइकं अशी मानानं बाहेर गेली. समोरच्या दुकानात बसायला जागा उरली नाही.

शिदूचं विमान त्याच दुपारी होतं. सी जलालनं आठवण केली. शिदू म्हणाला, पोतं इथं आहे. लल्ला रहमा येऊन रडली, ओरडली, सिनेमातलं होतं नव्हतं ते सगळं बोलली. शिदू म्हणाला, "लल्ला, तुम्हीच म्हणालात, आयुष्यभर." विमान गेलं.

तिसऱ्या दिवशी सी जलालचा फोन आला. आवाज बसला होता.

"शेठ, हा उठत नाही."

मी म्हणालो, "पोतं उचला. पोतं जाईल तिकडं तो जाईल. पोत्यासकट विमानात बसवा."

"मग माझा नमुना?"

"दुसरं पोतं पाठवतो."

"कुणाबरोबर?"

मी प्लास्टरकडं बघितलं. घरात बघितलं. म्हणालो, "त्याच्याशिवाय दुसरं माणूस नाही हो."

 फोनवर त्याच्या मागं कुठंतरी एक दार हळूच लागल्याचा आवाज आला. मग सी जलाल म्हणाला, "शेठ, हळद फार चांगली आहे. ती तुमच्याकडंच राहू द्या."

शिदू परत आला. हमालानं पोतं माझ्या दुकानाच्या कोपऱ्यात, नव्या गादीशेजारी उतरवलं. तिथंच तो बसलाय. बघा, तुमच्याकडंच बघून हसतोय. गादीवर बसायची त्याची इच्छा पुरी झाली. ते पोतं मी विकत नाही. विकलं तर तो गिऱ्हाइकाच्या घरी राहायला जाईल, आणि अक्का मला घराबाहेर काढेल.

हसलात ना, हसा. पण या गोष्टीत कुणाच्या किती चुका, ते घरी जाऊन मांडाल तेव्हा हिशेब प्रामाणिक ठेवा एवढी विनंती. शिदूच्या नावावर सगळं ढकलून मोकळे होऊ नका. पहिली ओळ माझ्या नावावर लिहा, निघताना मी सांगितलेल्या त्या वाक्याची. आणि आता उठू नका हो एवढ्यात, चहा यायचाय. तुम्ही उठलात की तो उठेल.