साहेबांची खुर्ची उन्हात

आमच्या टेकडीवर बेंडाळेबाई आणि दहा-बारा मंडळी दर रविवारी तण उपटतात, झाडांना पाणी घालतात. ती टेकडी वाहनतळासाठी सपाट करायची म्हणून वैशाखात पालिकेचे साहेब कारकुनासह पाहणीला आले.

“जागा उजाड आहे,” चिंचेखालच्या खुर्चीत बसून ते म्हणाले. “कागदावर एकही झाड नाही.” कागद अर्थातच कचेरीत बसून लिहिलेला होता.

साहेब जमलेल्या मंडळींपुढे भाषणाला उठताच बाईंनी खुर्ची भर उन्हात नेली.

“अहो बाई, सावलीत ठेवा!”

“कसली सावली, साहेब? कागदावर तर झाडच नाही.”

भाषण आटोपून साहेबांनी उन्हातल्या खुर्चीत पाच मिनिटे तग धरला. मग घाम पुसत कारकुनाला म्हणाले, “लिहा, चिंच एक.”

खुर्ची चिंचेखाली परतली. “आता बाकीचीही लिहून घ्या,” बाई म्हणाल्या, “तोवर मी सरबत आणते.”

वाहनतळ अजून उजाड जागा शोधतो आहे.