वाटणीची मोटार

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा राजे होते, हत्ती होते, बैल माणसांशी बोलत होते, आणि डोंगराखालच्या एका गावात एक मोटारही होती. हे सगळं एकाच काळात कसं, असं विचारू नका. गोष्टीत सगळं मावतं.

मोटार गावातल्या एका भल्या गृहस्थाची. तो गेल्यावर त्याच्या दोन मुलांनी वाटणी मागितली. शेत निम्मं झालं, भांडी निम्मी झाली, शेवटी मोटार उरली. "मोटार माझी," दोघेही म्हणाले. पंचांनी डोकी खाजवली आणि न्याय चोख व्हावा म्हणून मोटारही वाटली. इंजिन थोरल्याला, बाकीचा सांगाडा धाकट्याला. दोघेही खूश झाले. आपल्याला मिळालं नाही याच्या दुःखापेक्षा दुसऱ्यालाही मिळालं नाही याचं सुख मोठं असतं.

इंजिन थोरल्याच्या गोठ्यात गंजत पडलं आणि कोंबड्या त्यावर अंडी घालू लागल्या. धाकट्याच्या अंगणातल्या सांगाड्यात दरवर्षी मांजर व्यायची. भावांचं बोलणं तुटलं ते तुटलंच.

त्यांची एक मोठी बहीण होती, घाटापलीकडे दिलेली. भाऊबीजेला दोघे वेगवेगळे तिच्याकडे जात. ती दोघांना पोटभर जेवू घाली, पण ओवाळत नसे. "दुसरा शेजारी नसताना एकालाच ओवाळायचं, हे माझ्या हातून होणार नाही," म्हणे. एके वर्षी तिने कासाराबरोबर निरोप धाडला. "यंदा भाऊबीजेला मला माहेरी न्यायला या. दोघे मिळून, बाबांच्या मोटारीतून. दिवेलागणीपर्यंत वाट पाहीन. नाही आलात, तर मला माहेर उरलं नाही असं समजेन."

आई गेल्यावर याच बहिणीने धाकट्याला कडेवर वाढवलं होतं. त्याने मानापमान गुंडाळून ठेवला आणि थोरल्याच्या गोठ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"दादा, इंजिन खोलू या का?"

थोरल्याने त्याच्याकडे न बघता म्हटलं, "आधी कोंबड्या हुसकव."

अशी सुरुवात झाली. इंजिन सांगाड्याशेजारी अंगणात आणलं. दट्टे, म्हणजे पिस्टन, आत घट्ट अडकून बसले होते. त्यांवर रॉकेल ओतून ते दिवसचे दिवस मुरू दिलं, तेव्हा कुठे हलले. पहिले काही दिवस भाऊ एकमेकांशी बोलतच नसत. "त्याला म्हणावं, पाना दे," असं थोरला मांजरीला सांगे, आणि पाना मुकाट्याने पुढे येई. एकदा थोरल्याचे दोन्ही हात तेलात बुडालेले असताना त्याच्या नाकाला खाज सुटली. धाकट्याने काही न बोलता आपल्या कोपराने त्याचं नाक खाजवून दिलं. त्यानंतर मांजरीची मध्यस्थी संपली.

गंज घासला, झडपा घोटून बसवल्या, दट्ट्यांना शहरातून आणलेल्या नव्या कड्या चढवल्या आणि इंजिन सांगाड्यात बसवलं. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी थोरल्याने हँडल मारलं. मोटार खोकली, धूर ओकली आणि सुरू झाली. कोंबड्या झाडावर चढल्या. धाकट्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते धुरामुळे नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघे निघाले. थोरला चालवत होता. घाट लागला तशी त्याने मोटार दामटली.

"दादा, हळू. कड्या नव्या आहेत, अजून घासून नीट बसायच्यात."

"मला शिकवू नकोस. उशीर झाला तर अक्का दार लावून घेईल."

अर्ध्या घाटात इंजिन ठोके देऊ लागलं, वाफ उसळली आणि मोटार जागीच थांबली. मग काय, इतक्या वर्षांचं साठलेलं बाहेर आलं.

"तुझा सांगाडाच जड," थोरला म्हणाला.

"तुझं इंजिनच तुझ्यासारखं, डोकं लगेच तापतं. मी माझा भाग सोडवून घेतो." धाकट्याने खरोखरच पाना उचलला.

तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली. गाडीवान झोपला होता, त्यामुळे वाट न मिळालेला म्हातारा बैलच बोलला.

"नवीन जोडलंय वाटतं?"

"हो," धाकटा ओशाळून म्हणाला.

"आम्हा दोघांना एका जुवाखाली आणलं, तेव्हा मी इकडे ओढायचो आणि हा तिकडे. धन्याने कितीतरी दिवस आमच्याकडून रिकामी गाडी ओढवून घेतली, तीही सपाटीवर. पहिल्याच दिवशी भरल्या गाडीनिशी घाटात घातलं असतं, तर एकाची मान मोडली असती आणि दोष दुसऱ्याला लागला असता." एवढं बोलून बैल बाजूने वाट काढत पुढे गेला.

दोघे भाऊ दगडावर बसले. मग थोरला म्हणाला, "मी इंजिनाला घाई केली. तुलाही."

"मीही पाना फार लवकर उचलला, दादा."

इंजिन पुरतं निवेपर्यंत ते थांबले. झऱ्याचं पाणी आणून भरलं आणि हळूहळू निघाले, इतके हळू की ती बैलगाडी शेवटपर्यंत त्यांच्या पुढेच राहिली. घाट उतरेतो अंधार पडला. खालच्या गावात घरोघरी दिवे लागले होते. फक्त अक्काचं घर काळोखात होतं. 

"उशीर झाला, अक्का," धाकटा मोटारीतूनच अंधाराकडे बघून म्हणाला.

ओसरीवरून आवाज आला, "कुठे उशीर? दिवेलागणीपर्यंत थांबेन म्हटलं होतं. मी अजून दिवा लावलेलाच नाही."

मग तिने दिवा लावला, आणि त्याच ज्योतीवर निरांजन लावून काजळी-तेलाने माखलेल्या दोन्ही भावांना शेजारी शेजारी बसवून ओवाळलं. दुसऱ्या दिवशी ती मोटारीत बसून माहेरी निघाली. वाटेत पायी चालणारी माणसंसुद्धा त्यांना मागे टाकून जात होती, पण थोरल्याने एकदाही घाई केली नाही.

तात्पर्य: तुटलेलं जोडता येतं, पण जोडलेल्याला रुळायला वेळ द्यावा लागतो.